आगगाडीची पोलादी पाणीटाकी आणि डहाणू–तलासरीची भूमी



1864 मध्ये मुंबई सुरतेशी लोहमार्गाने जोडली गेली. डहाणू रोड स्थानक याच मार्गावर आहे. शेजारच्या तलासरी गावात मात्र रेल्वे आली नाही. वाफेचे इंजिन वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर टाकत असल्याने त्याचे पाणी कोळशाच्या आधी संपते, आणि ते थांब्याच्या अल्प वेळात भरून घ्यावे लागते. 5 मिनिटांत 20,000 लिटर पाणी द्यायचे तर सेकंदाला सुमारे 67 लिटरचा प्रवाह हवा. लहान पंप एवढे पाणी एकदम देऊ शकत नाही. म्हणून तो दिवसभर थोडेथोडे पाणी वर चढवतो आणि उंचावरील टाकी साठलेले पाणी काही मिनिटांत देते.

पाण्याचा दाब ही टाकीच्या संकल्पनातील सर्वांत सोपी बाब होय. 6 मीटर व्यासाच्या व 4 मीटर खोलीच्या गोल टाकीत सुमारे 1 लाख 13 हजार लिटर पाणी मावते. तळाशी दर चौरस मीटरला 4 टन दाब येतो आणि तळालगतच्या भिंतीत दर मीटर उंचीमागे 12 टनांचा वलयताण, म्हणजे वर्तुळाकार पत्रा फाडू पाहणारा ताण, निर्माण होतो. पोलादाला दर चौरस सेंटिमीटरला 1 टन ताण सोसू दिला, तर हिशेबाने 1.2 मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. प्रत्यक्षात 5–6 मिलिमीटरचा पत्रा घालत, कारण रिवेटच्या भोकांनी तो दुबळा होई आणि पुढे गंज त्याला खात राही.

डहाणूच्या किनाऱ्यावर हा गंजच पहिला निकष ठरतो. साच्यात दाबून घडवलेल्या चौकोनी पत्र्यांची टाकी सुटी करून वाघिणीतून नेता येते व बोल्टांनी जागेवर जोडता येते, ही तिची मोठी सोय. परंतु दोन पत्र्यांच्या दुमडलेल्या कडांमधील फटीत खारी ओल साचते, आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाही बोल्टचा दांडा आतून बारीक होत जातो. सपाट तळाखालच्या तुळयांवरही असेच घडते. अर्धगोल तळाला तुळया लागत नाहीत, त्याच त्रिज्येच्या भिंतीच्या तुलनेत त्यातील ताण निम्मा असतो, आणि गाळ मध्यभागी जमून धुण्याच्या नळाने काढता येतो.

दुसरा निकष वाऱ्याचा. भरलेल्या टाकीला पाण्याचे वजनच जमिनीशी धरून ठेवते. रिकामी टाकी वादळात उलटू पाहते आणि ती सारी उचल पायातील बोल्टांवर येते.

तिसरा निकष भूकंपाचा असून त्यात भरलेली टाकी अधिक धोक्याची ठरते. खालचे पाणी भिंतीसह एकसंध वस्तुमानासारखे हलते, तर वरचे पाणी संथ लयीत हिंदकळते. या दोन्ही हालचालींचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. भूकंपरोधक संकल्पनाची भारतीय मानक संहिता, आय.एस. 1893, प्रथम 1962 मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे त्यापूर्वी उभारलेल्या टाक्यांना तिचा आधार नव्हता. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी परिसरात आणि तलासरी तालुक्यात धक्क्यांची मालिका अनुभवास आल्यानंतर हा निकष येथे गौण मानता येत नाही.

वाफेची इंजिने गेली, तरी गावोगावच्या नळपाणी योजनांना उंच टाक्या लागतातच. म्हणून या दोन तालुक्यांत टाकीचा आराखडा मंजूर करताना ‘रिकामी व वादळात’ आणि ‘भरलेली व भूकंपात’ अशा दोन्ही अवस्थांची गणिते स्वतंत्रपणे तपासावीत, आणि देखभालीच्या अंदाजपत्रकात रंगाबरोबरच सांधे उघडून बोल्ट पाहण्याचा खर्चही धरावा, अशी शिफारस आहे.