दुसऱ्याच्या नावाची सही

बांधीतून घरी आलेल्या, चुलीजवळ बसलेल्या, रेडिओ लावून तांदूळ निवडणाऱ्या सगळ्या तायांना आणि मावश्यांना माझा नमस्कार.

मी बचत गटांची समन्वयक आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या गावोगावी जाते, बैठका घेते, वह्या तपासते. मी ख्रिस्ती आहे हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. बैठक संपली, चहा आला की एखादी हळूच विचारते, "ताई, तुम्ही रविवारी चर्चमध्ये काय करता? प्रसाद घेता का? तुमचा धर्म वेगळा, तर तुमचं वागणंही वेगळं असतं का?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याला मी बरीच वर्षं नुसती हसून टाळत होते. आज त्याबद्दल बोलते.

माझे आईवडील ख्रिस्ती. तान्ही असताना माझा बाप्तिस्मा झाला, मग संडे स्कूल, मग तरुण संघ. गाणी पाठ, वचनं पाठ. पण खरं सांगू? हे सगळं आईवडिलांनी ठरवलेलं होतं. मी चांगल्या घरातली मुलगी म्हणून हो म्हणत गेले. माझ्या विश्वासावर सही त्यांची होती.

मग एका जूनमध्ये असं झालं. माझ्याकडच्या एका गटाला बँकेचं कर्ज हवं होतं. गटात बारा जणी, सगळ्या धानाच्या शेतीवाल्या. रोवणी तोंडावर आलेली. मजुरी, खत, सगळ्यालाच पैसा लागणार. बँक आधी पंचसूत्री बघते, हे तुम्हाला माहीत आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. वही उघडली तर एप्रिल आणि मे कोरे. एप्रिलमध्ये बाया मोह वेचायला, मेमध्ये तेंदूपत्त्याला. बैठक झालीच नव्हती.

अध्यक्षताई म्हणाल्या, "मॅडम, दोन पानं लिहून टाका न. सह्या आम्ही करून घेतो." बारातली एक तर लेकीच्या बाळंतपणाला बालाघाटला गेलेली. तिची सही कोण करणार? "मी करते की," कोषाध्यक्ष म्हणाली. कोणाचा पैसा बुडणार नव्हता. मी "बघते" म्हणाले आणि वही पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर अर्पणाचे पैसे दोघांनी मोजायचे आणि दोघांनी सह्या करायच्या, असा नियम. त्या दिवशी मी आणि एक काका होतो. काका तब्येतीमुळे लवकर घरी गेले. पैसे थोडेच होते. मी एकटीने मोजून त्यांचंही नाव लिहिलं असतं तर कोणी विचारलं नसतं. पण तसं करायचं माझ्या मनातही आलं नाही. दुसऱ्या एका बहिणीला बोलावलं, ती येईपर्यंत अर्धा तास थांबले. थांबता थांबता पिशवीतल्या वहीकडे लक्ष गेलं. मनात आलं, इथे मी अर्धा तास थांबते आणि तिथे दोन महिन्यांच्या बैठका लिहून टाकणार. देव काय फक्त चर्चच्या आवारात असतो?

त्या संध्याकाळी मला टिळक दांपत्याची आठवण झाली. बी.ए.ला मराठी होतं, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं होतं. त्यांचे पती नारायण वामन टिळक मोठे कवी. 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. म्हणजे आपल्या तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसावरून जाणारा हाच रेल्वेमार्ग. त्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून ते वाचायला बसले. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. त्या प्रवचनात चर्च कसं बांधावं हे सांगितलेलं नाही. राग आला तर काय करावं, बोलणं सरळ कसं ठेवावं, कोणाचं मन दुखावलं असेल तर आधी जाऊन समेट करावा आणि मग देवाला अर्पण द्यावं, अशा रोजच्या गोष्टी त्यात आहेत. त्यानंतरही टिळकांनी वेळ घेतला. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळलं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत एकत्र आल्यावरही आपलं सोवळं पाळत राहिल्या. मग स्वतःच विचार केला की जातिभेद देवाने केलेला नाही, आणि कोणाच्याही हातचं अन्नपाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, 1900 मध्ये. मला त्यांचं हेच भावतं. त्यांच्या विश्वासावर नवऱ्याची सही चालली नाही. आणि सुरुवात झाली ती पाण्याच्या पेल्यापासून.

सोमवारी मी गटात गेले आणि म्हणाले, "मी ही पानं लिहिणार नाही. झाल्या नाहीत त्या बैठका झाल्या नाहीत, असंच लिहू." बाया गप्प झाल्या. बँकेतल्या साहेबांनी पुढचे तीन आठवडे दर आठवड्याला बैठक घेऊन दाखवायला सांगितलं. आम्ही घेतल्या. कर्ज मंजूर झालं, पण तोवर रोवणी सुरू झालेली. गटाच्या बचतीतून चौघींची गरज भागली. एका ताईला मात्र सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिन्याने पैसे घ्यावे लागले. ती मला म्हणाली, "तुमचा देव खूष झाला असेल, मॅडम. व्याज मला भरावं लागते."

मैत्रिणींनो, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. माझ्या खरेपणाची किंमत तिने भरली. पुढच्या रविवारी मी अर्पण दिलं नाही. आधी तिच्या घरी गेले. म्हणाले, "खोटं लिहिलं नाही याची मी माफी मागत नाही. पण मेमध्येच येऊन वही बघणं माझं काम होतं. ते मी केलं नाही, त्याची माफी मागते." तिने चहा दिला. फार बोलली नाही.

तेव्हा कळलं की खरं वागणं त्या एका दिवशी "नाही" म्हणण्यात संपत नाही. त्याची तयारी दोन महिने आधी करावी लागते. आता मोह आणि तेंदूच्या दिवसांत आमची बैठक रात्री जेवणानंतर होते, टोलीवरच, एखादीच्या अंगणात. कर्जाचा अर्ज मार्चमध्येच देतो. त्या ताईचा अर्ज मी सगळ्यात आधी बघते.

तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. माझं वागणं तुमच्यापेक्षा वेगळं असतंच असं नाही. खरं वागणाऱ्या बाया मी सगळ्याच धर्मांत पाहिल्या आहेत, आणि अर्पण देऊन शेजारणीशी अबोला धरणाऱ्या आमच्यातही आहेत. फरक पडायचा तो माझ्यात पडला. मी देवाला चर्चमध्ये ठेवून घरी येत होते. आता तो माझ्यासोबत बैठकीला येतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी येते, वाण देते, घेते. कुंकू लावत नाही, हे सरळ सांगते. आणि तुम्ही कुंकवाऐवजी माझ्या हातात फूल ठेवता. त्यात तुमचा मान राहतो आणि माझाही.

एवढंच मागते. आज आपल्या गटाची वही उघडा. जिथे आपल्या नावापुढे दुसरीची सही दिसेल, तिथे बोट ठेवा आणि विचारा. पुढच्या बैठकीला स्वतः या आणि स्वतः सही करा. सही येत नसेल तर शिकवायला मी येते.

नमस्कार.