पायवाट : गावाची आणि पाहुण्याची

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढील भाषणाचा मजकूर)



पायी चालणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. पंढरीची वाट तुडविणारा वारकरी, ऋतूनुसार मेंढरे घेऊन देश-कोकण करणारा धनगर, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणारी घाटाखालची बाई, या सर्वांनी सह्याद्रीच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या मळविल्या आहेत. कोकणात दगडांनी बांधलेल्या पायरीच्या वाटेला पाखाडी म्हणतात, घाटमाथ्यावर कुठे तिला नाळ म्हणतात, तर कुठे नुसतीच पायवाट. नावे निरनिराळी असली तरी तिचे काम एकच : माणसाला माणसापर्यंत पोहोचविणे.

या वाटा केवळ पावलांनी घडल्या असे मात्र नाही. कोकणातून जुन्नरकडे जाणारी नाणेघाटाची वाट सातवाहनांच्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, खडक फोडून तयार झाली. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीचा रांजण होता, अशी परंपरा आहे. वाट काढणे, ती राखणे आणि ये-जा करणाऱ्यांची व्यवस्था पाहणे हे लोकहिताचे काम आहे, ही जाणीव या भूमीत इतकी जुनी आहे.

मोटाररस्ते झाले आणि ही जाणीव मागे पडली. रस्त्याला खाते आहे, अंदाजपत्रक आहे, दुरुस्तीचे वेळापत्रक आहे. पायवाटेला यांपैकी बहुधा काहीच नसते. आणि नेमक्या याच काळात पायवाटेवरची वर्दळ वाढली आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर या शहरांतून सुटीच्या दिवशी सकाळी निघून संध्याकाळी घरी परतणारी कुटुंबे डोंगराकडे वळत आहेत. त्यांत लहान मुले असतात, आजीआजोबा असतात आणि अलीकडे पुष्कळदा घरचा कुत्राही असतो. या पाहुण्यांचे स्वागत कसे करावे आणि त्यांच्याकडून कशाची अपेक्षा ठेवावी, हा आता डोंगरपायथ्याच्या प्रत्येक ग्रामपंचायतीपुढचा प्रश्न आहे.

एका वाटेचे उदाहरण

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील मळवली स्थानकाची वाट या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. स्थानकातून भाजे गावात यावे. गावाच्या वरच्या अंगाला इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील चैत्यगृह असलेली भाज्याची लेणी आहेत. गावातून पुढे वाट चढत चढत गायमुख खिंडीत येते. खिंडीच्या एका हाताला विसापूर आणि दुसऱ्या हाताला लोहगड. खिंडीजवळ, गडाच्या पायथ्याला लोहगडवाडी आहे. तेथून पायऱ्यांनी गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून गडावर पोहोचता येते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा नमुना म्हणून जे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांत लोहगड आहे.

आगगाडीने यावे, लेणी पाहावी, गड पाहावा, वाडीत पिठले-भाकरी खावी आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे, असा हा एका दिवसाचा, सहकुटुंब होण्यासारखा प्रवास आहे. लोहगडवाडीपर्यंत आता वाहनेही जातात. परंतु वाहनातून येणारा पाहुणा वाडीपाशी उतरतो आणि भाजे गाव त्याला काचेतूनच दिसते. पायी येणारा मात्र गावागावांत थांबतो, पाणी मागतो, वाट विचारतो, चार रुपये खर्च करतो आणि ओळख ठेवून जातो. पायवाट जिवंत राहण्यात गावाचा लाभ आहे तो असा.

अंतराचा हिशेब

सहली नेणाऱ्या शिक्षकांनी एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये तो मांडला. सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, असे त्याचे सूत्र आहे. मळवलीहून लोहगडवाडीमार्गे गडापर्यंत अंतर सहा-सात किलोमीटर व चढ सुमारे चारशे मीटर धरला, तर धडधाकट माणसाला दोन तास पुरतात. मुलाबाळांसह हाच वेळ दीडपट, प्रसंगी दुप्पट धरावा. विसावा, जेवण आणि लेणी पाहण्याचा वेळ यांत धरलेला नाही. कित्येक सहली फसतात त्या वाट अवघड असल्यामुळे नव्हेत, तर दुपारी निघून अंधारात उतरावे लागल्यामुळे.

दुसरी फसगत होते ती ढोरवाटांनी. गुरे चरायला जातात त्यांच्या खुरांनी डोंगरभर वाटांचे जाळे होते. त्यांतील मळलेली दिसणारी वाट कित्येकदा कुरणात जाऊन संपते. गावच्या गुराख्याला हे ठाऊक असते, पाहुण्याला नसते. म्हणून जेथे वाट फुटते तेथे एक दगडी खूण किंवा बाण रंगविलेली पाटी असणे अगत्याचे आहे. हे काम खर्चाचे नाही. शाळेतील मुले आणि गावातील जाणती माणसे यांच्या एका दिवसाच्या श्रमदानाने ते होऊ शकते.

पाणी वाट खाते

पायवाटेचा खरा शत्रू पावलांपेक्षा पाणी हा आहे. डोंगरउतारावरची वाट पावसात ओहळ बनते. पाणी माती घेऊन जाते, दगडगोटे उघडे पडतात, चालणारा त्यांना टाळून बाजूने जाऊ लागतो, तेथील गवत मरते आणि पुढल्या पावसात तोही भाग वाहून जातो. हातभर रुंदीची वाट अशा रीतीने काही वर्षांत रुंद घळीचे रूप घेते.

यावर उपाय जुनाच आहे. वाटेवर ठराविक अंतराने दगडांचे तिरपे आडबांध घालून पाणी उताराच्या कडेला काढून द्यावे. वाट सरळ न चढविता नागमोडी न्यावी. आणि नागमोडी वाटेची वळणे तोडून उभे उतरण्याचा मोह पाहुण्यांनी आवरावा; कारण एकाने तोडलेले वळण दहा जण पाहतात आणि त्या मार्गाने पहिला जातो तो पाऊस. मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा वाट तपासण्याचा शिरस्ता गावाने ठेवला, तर मोठ्या दुरुस्तीची वेळ सहसा येणार नाही.

सोबतचा कुत्रा

कुत्रा हा मराठी माणसाला परका नाही. दत्ताच्या पायाशी तो आहे, खंडोबाच्या सोबत आहे, धनगराच्या वाड्याची राखण तोच करतो. परंतु शहरातील घरात वाढलेला कुत्रा आणि डोंगर यांची ओळख नसते, हे त्याला आणणाऱ्याने विसरू नये.

पहिला विचार त्या मुक्या जिवाचा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो. उन्हाने तापलेल्या कातळावर त्याचे पंजे भाजतात. म्हणून त्याच्यासाठी वेगळे पाणी हवे, सकाळची वेळ हवी आणि सावलीची वाट हवी. परतल्यावर अंगावरच्या गोचिडी पाहून काढाव्यात.

दुसरा विचार गावाचा. शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्या पाहिल्यावर मोकळा कुत्रा काय करील याची हमी त्याचा धनीही देऊ शकत नाही. टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. कुत्र्याच्या एका धावेत तो संसार मोडतो. तेव्हा पट्टा हातात असावा आणि रेबीजची लस टोचलेली असावी. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. कोणताही कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे, ही गोष्ट शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असली पाहिजे.

तिसरा विचार रानाचा. बिबट्याच्या भक्ष्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, असे अकोले तालुक्यातील अभ्यासात दिसून आले आहे. सांजवेळी रानवाटेवर कुत्रा मोकळा सोडणे म्हणजे बिबट्याला बोलावणे होय. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांत प्रवेश १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने नियंत्रित आहे. तेथे कुत्रा नेऊच नये. संरक्षित स्मारकांबाबतही १९५९ च्या केंद्रीय नियमांनी जनावरे आत आणण्यास मनाई केली आहे. म्हणजे भाज्याच्या लेण्यात किंवा लोहगडाच्या दरवाजातून आत कुत्रा नेता येत नाही. खिंडीपर्यंतची वाट त्याची, पुढची नाही. पाहुणा दोन तास चालून दाराशी आल्यावर त्याला हे सांगण्यापेक्षा भाजे गावातच पाटीवर सांगितलेले बरे. तंटा टाळण्याचा हाच मार्ग आहे.

पावसाळ्यातील विवेक

सह्याद्रीचे खरे रूप पावसाळ्यात दिसते आणि धोकाही तेव्हाच असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. डोंगरावर दूर कोठेतरी कोसळलेला पाऊस ओढ्याला काही क्षणांत फुगवितो, खाली ऊन असले तरीही. पाण्याचा रंग गढूळ झाला, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की क्षणाचाही विचार न करता काठ गाठावा. ही जाण गावकऱ्याला जन्मतः असते. ती पाहुण्याला देणे आणि तो ऐकत नसेल तर त्याला अडविणे, हेही आतिथ्यच आहे.

वाट कोणासाठी?

पायवाटेची निगा म्हणजे शहरी हौशी लोकांचे लाड, असा आक्षेप एखाद्या ग्रामसभेत घेतला जाईल. त्याचे उत्तर इर्शाळवाडीने दिले आहे. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत ही ठाकर बांधवांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. वस्तीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला धावलेल्या पथकांना भर पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेने डोंगर चढावा लागला. अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. फावडी-कुदळींनीच ढिगारे उपसावे लागले. चढताना अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचे प्राण गेले.

याच डोंगरावर एरवी सुटीच्या दिवशी हौशी गिर्यारोहक येत असत. वस्तीची वाट आणि पाहुण्याची वाट एकच होती. डोंगरातील अनेक वाड्यांची स्थिती आजही हीच आहे. शाळेत जाणारी पोर, बाळंतपणासाठी डोलीतून खाली न्यावी लागणारी स्त्री, शिधा वर नेणारा कर्ता पुरुष, या सर्वांची वाट तीच. पाहुण्यासाठी बसविलेली पायरी या स्त्रीच्या डोलीलाही उपयोगी पडते. आणि ज्या वाटेची निगा रोजची आहे, तीच वाट संकटाच्या रात्री साथ देते.

वाटेची नोंद

यास्तव काही गोष्टी सत्वर होण्यासारख्या आहेत. गावनकाशावर पायमार्ग तुटक रेषेने दाखविलेले असतात. तलाठ्यांच्या साहाय्याने नकाशा घेऊन पंचायत सदस्यांनी त्या वाटा एकदा प्रत्यक्ष चालाव्यात. कोणती वाट चालू आहे, कोणती मोडली, कोणती कुंपणात गेली, याची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. डोंगरपायथ्याच्या जमिनींची खरेदी वाढल्यापासून जुन्या वाटांवर तारेची कुंपणे पडू लागली आहेत. शेतीच्या वहिवाटीस अडथळा झाल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र नोंद आणि पुरावा वेळेवर ठेवलेला असला, तरच ती दाद परिणामकारक ठरते. वहिवाट या शब्दातच वाट आहे; चालणारी पावले थांबली की हक्कही क्षीण होतो.

सार्वजनिक रस्त्यांची निगा हे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये पंचायतीच्या कार्यांपैकी एक आहे. वाट वनजमिनीतून जात असेल तेथे वनविभागाच्या संमतीने काम करावे. वाटेच्या तोंडाशी एक पाटी असावी : अंतर, लागणारा वेळ, पाण्याची जागा, कुत्रा कोठपर्यंत नेता येईल, पावसाळ्यात कोणता ओढा ओलांडू नये, आणि मदतीसाठी ११२ व १०८ हे क्रमांक. कचरा परत नेण्याची विनंतीही त्याच पाटीवर असावी. शाळांनी वर्षातून एकदा आपल्याच गावची वाट मुलांसह चालावी. झाडे, दगड, पाणवठे यांची नावे गावातील वृद्धांकडून लिहून घ्यावीत. भूगोलाचा हा धडा पुस्तकात मिळणार नाही.

सातवाहनांनी खडक फोडून केलेली वाट आजही चालती आहे. आजच्या पिढीला नवा खडक फोडावयाचा नाही. जे आहे त्याची नोंद करणे, पाण्याला बाजूला काढणे आणि येणाऱ्याला चार शब्द सांगणे, एवढेच तिच्या वाट्याला आले आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक डोंगरी गावाने आपली एक तरी वाट या रीतीने चालून पाहावी.