शाळेचे नियम आणि आपल्या मुली

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आपण हुंड्यावर बोलतो, मारहाणीवर बोलतो. खासगी हायस्कूलच्या नियमांवर मात्र फारसे बोलत नाही. जूनमध्ये मुलीच्या हातात शाळेची डायरी येते. सुरुवातीच्या पानांवर नियम छापलेले असतात आणि खाली पालकांची सही लागते. बहुतेक जणी न वाचताच सही करतात. आज ती पाने एकत्र वाचूया.

वेळेवर हजेरी, गणवेश, गृहपाठ हे नियम सर्वांनाच आहेत. पन्नास-साठ मुलांचा वर्ग नियमांशिवाय चालत नाही, हे शिक्षिकांचे म्हणणे खरे आहे. पण पुढे वाचा. दोन घट्ट वेण्या, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना, मुलांशी विनाकारण बोलू नये, जिन्यात रेंगाळू नये, तास चालू असताना बाहेर जाऊ नये. शेवटचा नियम मुलगे-मुली दोघांनाही आहे. पण पाळी आलेल्या मुलीला भर वर्गात उठून परवानगी मागावी लागते, आणि समोर सर असले तर ती मागतच नाही. लघवीला जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मला दरवर्षी भेटतात.

नियम मोडला की ठरलेली शिक्षा म्हणजे 'पालकांना घेऊन ये'. ही शिक्षा दोघांना सारखी नसते. आमच्या कामाच्या वस्तीत नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात एका मुलाने चिठ्ठी टाकली. शाळेने दोघांच्याही पालकांना बोलावले. मुलाने माफीपत्र लिहून दिले आणि दुसऱ्या दिवशी तो वर्गात बसला. मुलीच्या वडिलांनी त्याच आठवड्यात तिचा दाखला काढला आणि घरात स्थळांची बोलणी सुरू झाली. तिला दुसऱ्या शाळेत बसवेपर्यंत सहामाही उलटली होती. वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, "आम्ही तिच्या भल्यासाठीच कळवलं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण घरी निरोप धाडण्याआधी त्या मुलीला कुणी एक प्रश्नही विचारला नव्हता.

कायदा काय सांगतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण हा कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. नववी-दहावीच्या मुली त्याबाहेर राहतात, आणि दबाव तिथेच वाढतो. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्च्या मुलांना 'सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा' असे सांगणाऱ्या शाळा आहेत. मुलगा असेल तर घरचे क्लासची सोय बघतात. मुलगी बऱ्याचदा धाकट्या भावंडांना सांभाळत घरीच राहते.

मग आपण काय करायचे? खासगी शाळांतला पालक-शिक्षक संघ २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने बंधनकारक केला आहे. तिथे फीवर चर्चा होते, तशी नियमांवरही व्हावी असा आग्रह धरा. १० मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने शाळांमध्ये 'सखी सावित्री समिती' नेमायला सांगितले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका खासगी शाळेतले लहान मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले, तेव्हा या समित्यांची आठवण सगळ्यांना झाली. आपल्या शाळेतल्या समितीवर कोण आहे, ती शेवटची कधी बसली, हे जाऊन विचारा. आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचार माहीत असून न कळवणे हाही गुन्हा आहे. 'शाळेचे नाव खराब होईल' ही सबब चालत नाही.

माझ्या मते सुरुवातीला तीन मागण्या पुरेत. मुलींना लघवीला जायला परवानगी मागावी लागू नये. घरी कळवण्याआधी मुलीशी एकांतात बोलावे. आणि मध्येच कुणी मुलीचा दाखला मागितला, तर मुख्याध्यापकांनी आधी तिला विचारावे, गरज पडल्यास आपल्यासारख्या संघटनेला बोलवावे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या भागातल्या एका शाळेची डायरी घेऊन यावी. नियम समोर ठेवून, मुलींना बरोबर बसवून आपण ते वाचू आणि मुख्याध्यापकांना द्यायचे निवेदन तिथेच लिहू.