नकाराचं पत्र नीट वाचा

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘कॅनडात उच्च पदावर’ अशी करून दिली. खरं सांगायचं तर, कराडहून सांगलीला जाऊन इंजिनिअरिंग केलं, आणि आता दिवसभर प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. निम्म्या वेळा त्या माझ्याच निघतात. म्हणून यशाबद्दल न बोलता मी नकाराबद्दल बोलणार आहे. इथल्या बऱ्याच जणांची मुलं आता परदेशी शिक्षणाच्या वयाची झाली आहेत, आणि कॅनडाचं स्टडी परमिट नाकारलं गेलं की कुणाच्या तरी ओळखीनं फोन मला येतो. गेली काही वर्षं अशा मुलांना मी जमेल ती मदत करते. मी वकील नाही आणि यासाठी पैसे घेत नाही. पैसे घेऊन असा सल्ला द्यायला तिथं परवाना लागतो.

पहिली मुलगी आठवते. २०२२ साल होतं. नामांकित विद्यापीठात एम.एस.ला प्रवेश मिळालेला, आणि परमिट नाकारलं गेलं. पत्रात ठरावीक वाक्यं होती: मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडून जाल याची खात्री वाटत नाही, आर्थिक स्थितीबद्दल समाधान झालं नाही. मी म्हटलं, घाबरू नकोस, आपण लगेच परत अर्ज करू. दोन दिवसांत हेतूचं पत्र नव्यानं लिहून घेतलं, इंग्रजी घासूनपुसून चकचकीत केलं आणि अर्ज पाठवला. पुन्हा नकार, पुन्हा तीच वाक्यं.

तेव्हा कुठं मला सुचलं की अधिकाऱ्यानं फाइलमध्ये लिहिलेल्या नोंदी मागवता येतात. कॅनडात राहणारी व्यक्ती अर्जदाराची लेखी संमती घेऊन पाच डॉलर भरून त्या मागवू शकते. महिना-दीड महिन्यानं नोंदी आल्या. मुद्दा एकच होता: वडिलांच्या खात्यात अचानक मोठी रक्कम जमा झाली आहे, ती कुठून आली याचा पुरावा नाही.

मी तिच्या घरी फोन केला. वडील म्हणाले, “ताई, रान विकलं की! खरेदीखत आहे ट्रंकेत.” कागद पहिल्या दिवसापासून घरात होता. मराठीत आहे, तिथं कुणाला कळणार, म्हणून कुणी जोडला नव्हता. तज्ज्ञ भाषांतरकाराकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं (घरच्या माणसानं केलेलं भाषांतर चालत नाही), सोबत बँकेतल्या नोंदी जोडल्या, आणि तिसऱ्या अर्जाला परमिट मिळालं. पण तोवर तिचा प्रवेश पुढच्या वर्षावर गेला होता. ते वर्ष माझ्या घाईत गेलं. नोकरीत मी नव्या मुलांना रोज सांगते, लॉग वाचल्याशिवाय प्रोग्रॅम परत चालवू नका. आणि इथं मीच तो न वाचता चालवला.

आपल्या गणिताच्या बाई आठवतात? वहीत चुकलेल्या पायरीला फक्त लाल गोल करायच्या. काय चुकलं ते सांगायच्या नाहीत, शोधायला लावायच्या. नकाराचं पत्र म्हणजे तो लाल गोल. आता बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते ना, तशा या नोंदी समजा. त्या हातात आल्याशिवाय दुसरा अर्ज करायचा नाही, हा माझा आता नियमच आहे.

मात्र एक घड्याळ लक्षात ठेवायचं. निकाल चुकीचा आहे असं वाटलं, तर तिथल्या फेडरल कोर्टात दाद मागता येते, पण भारतातून अर्ज केलेल्यांना त्यासाठी निकाल कळल्यापासून ६० दिवसच असतात. नोंदींची वाट बघताना ते दिवसही सरत असतात, म्हणून या वाटेचा विचार असेल तर वकिलाला लगेच भेटायचं. कोर्ट परमिट देत नाही. अधिकाऱ्याचा निर्णय तर्काला धरून होता का एवढंच बघतं, आणि नसेल तर सहसा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फाइल परत पाठवतं. ऑक्टोबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी तिथं जलद प्रक्रियेचा प्रयोगही सुरू झाला. पण कागदच अपुरे असतील, तर कोर्टापेक्षा नवा, पूर्ण अर्ज बरा.

आता दुसरी गोष्ट. ती आपल्यातल्याच एकाच्या घरची आहे. त्यानं आणि त्याच्या मुलानं परवानगी दिली म्हणून सांगते.

जूनमध्ये रात्री त्याचा फोन आला. मुलाचं ऑफर लेटर आलं तेव्हाच चौकात फ्लेक्स लागला होता: ‘उच्च शिक्षणासाठी परदेशगमन, हार्दिक शुभेच्छा.’ पेढे वाटून झाले होते. आणि परमिट नाकारलं. पोरगं घराबाहेर पडेना. एजंट म्हणत होता, महिनाभर उसने पैसे खात्यात फिरवू, अनुभवाचा एक दाखला करून आणू, पुन्हा अर्ज टाकू. २०२४ मध्ये नियम कडक झाले हेही खरं. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाला दहा हजार डॉलर दाखवावे लागायचे, ते जानेवारी २०२४ पासून २०,६३५ झाले होते, शिवाय शिकवणीची फी वेगळी.

मी म्हटलं, खोटा कागद अजिबात नको. सापडला तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं. आणि पुढच्या अर्जांत, दुसऱ्या देशांच्या अर्जांतही, आधी कधी नाकारलं गेलंय का असा प्रश्न असतो. तो म्हणाला, “तुला काय गं, तू पोचलीस तिकडं.” फोन ठेवला, आणि चार महिने बोलला नाही. पहिलीपासून एका वर्गात असलेला माणूस. मला फार लागलं. पण ‘हो’ म्हटलं असतं तर आज त्याच्याकडं बघून बोलता आलं नसतं.

मग एके दिवशी मुलानंच फोन केला. त्याच्या नोंदी मागवल्या. लिहिलं होतं: आधीच्या शिक्षणाशी या कोर्सचा संबंध स्पष्ट होत नाही. हेतूचं पत्र एजंटनं लिहिलेलं, पोरानं धड वाचलंही नव्हतं. मी विचारलं, “बाळा, तुला का शिकायचंय हे?” बराच वेळ तिकडून आवाज नाही. मग म्हणाला, “मावशी, मलाच माहीत नाही.”

त्यानं पुन्हा अर्ज केला नाही. सध्या पुण्यात एका गोदामाचा हिशेब बघतो आणि त्यातलंच पुढं शिकायचं म्हणतोय. कुठं, ते ठरलेलं नाही. या वेळी पत्र त्याचं तो लिहील. आणि त्याच्या वडिलांनी आज सकाळी नाश्त्याच्या वेळी मला सांगितलं, “तो फ्लेक्स परतीच्या पावसात कडब्याच्या गंजीवर टाकला. चांगला कामाला आला.”

तेव्हा एवढंच सांगते. पत्र आलं की पोराला बोल लावू नका, एजंटला पैसे देऊ नका, मला फोन करा. तुमच्या सकाळी नऊला मी जागी असते. आधी पत्र नीट वाचू, मग बघू.