सहावा तास

गेल्या वर्षी मुलीकडे कॅलिफोर्नियात होते तेव्हाची गोष्ट. नात अकरावीत. तिथे पुढच्या वर्षीचे विषय वसंत ऋतूतच निवडायचे असतात. पाच तास ठरले, सहाव्यावरून मात्र घरात कुरबूर सुरू झाली. मुलगी म्हणत होती, आणखी एक एपी घे. नातीला नववीच्या बीजगणिताच्या वर्गावर बाईंची मदतनीस, म्हणजे टीचिंग असिस्टंट, व्हायचं होतं.

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शाळेतच शिकायचा आणि मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची. गुण १ ते ५. तीन किंवा अधिक मिळाले तर बरीच विद्यापीठं ते आपल्या अभ्यासक्रमात जमा धरतात. शिवाय पुष्कळ शाळांत एपीतल्या 'ए'ला चाराऐवजी पाच गुण. मदतनिसाला यातलं काही नाही.

मी स्वतः चौतीस वर्षं गणित शिकवलेलं, पण बाजू मुलीचीच घेतली. 'झेरॉक्स काढण्यात वर्ष घालवणार का?' असं बोलूनही गेले. (काही वर्गांत काम तेवढंच असतं, हेही खरं.)

मग नातीने युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे नियमच पुढ्यात ठेवले. प्रवेशासाठी सरासरी धरतात ती दहावी-अकरावीची, आणि जादा गुण फार तर आठ सत्रांचे. बारावीतली एपी त्या आकड्यात येतच नाही. 'पण विषयांची यादी बघतात ना?' मुलगी म्हणाली. बघतात. पण यादीत तीन एपी आधीच होत्या.

'तू तिथे करणार काय?' मी विचारलं.

'आजी, मी दुपारच्या सुट्टीत नववीच्या मुलांना शिकवते. कंसाबाहेर उणे असलं की आतलं पहिलंच पद बदलतात, पुढची तशीच ठेवतात. बाईंना प्रत्येकाशेजारी बसता येत नाही.'

मला आपल्या पंतोजींच्या शाळा आठवल्या. मोठ्या मुलाने धाकट्यांना शिकवायचं, ही तिथली जुनी रीत. वाळूत अक्षरं गिरवत शिकवणारी मुलं अँड्र्यू बेलने मद्रासकडे पाहिली, १७९७ साली त्या पद्धतीवर पुस्तक काढलं आणि ती इंग्लंडात पोचली.

नातीने मदतनिसाचा तास घेतला. मुलगी अजून पुरती राजी नाही. ऑक्टोबरात नातीचा फोन आला, 'आजी, उणे गुणिले उणे अधिक का होतं, हे पाठ करायला न लावता कसं सांगू?'

मी तर जन्मभर ते पाठच करून घेतलं होतं. म्हटलं, थांब, वही घेऊन येते.