घरात पिस्तूल असावे काय?



कोठे घरफोडी झाली की, ‘घरात एखादे पिस्तूल हवे,’ असे पुष्कळजण म्हणू लागतात. याविषयी माझे मत थोडक्यात सांगते.

१८७८ चा हत्यारांचा कायदा इंग्रजांनी केला. त्यात गोऱ्यांना सूट होती, आपल्यावर बंधन होते. स्वराज्यात १९५९ चा कायदा आला. त्याप्रमाणे पोलीसचौकशी झाल्यावरच परवाना मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका-पिस्तुले ठेवता येतात. वरातीत लोकांच्या जिवाला धोका होईल असे बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होतात. हे योग्यच झाले.

कोणी म्हणतील, चोर काय परवाना काढून येतो? प्रश्न रास्त आहे. पण पिस्तूल ठेवायचे कोठे? उशाशी ठेवावे, तर मुलांच्या हाती लागेल. कपाटात कुलूपबंद ठेवावे, तर ऐन वेळी किल्ली सापडायची नाही. शिवाय चोर क्वचित येतो, राग मात्र घरात रोज येतो. रागाने आदळलेले भांडे ठोकून सरळ करता येते. सुटलेली गोळी परत येत नाही.

ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याला परवाना जरूर द्यावा. परंतु त्याआधी त्या घरच्या बाईला एकटीला बाजूला घेऊन तिचे मत विचारावे, एवढीच माझी सूचना आहे. आपल्याला भक्कम कडी, जिन्यात दिवा आणि हाकेला धावणारी शेजारीण पुरे.