कंटेनरमधला डेटाबेस आणि नोंद टिकवण्याची जबाबदारी

एकदा कमिट झालेली नोंद वीज गेली, यंत्र बंद पडले तरी नाहीशी होणार नाही, हे रिलेशनल डेटाबेसचे मूळ वचन. कोणताही कंटेनर कधीही मोडावा आणि दुसऱ्या यंत्रावर नवा उभा करावा, हे कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेचे मूळ गृहीतक. कुबरनेटिस या अशा व्यवस्थेवर डेटाबेस क्लस्टर चालवण्याची सगळी विद्या या दोहोंचा मेळ घालण्यात आहे.

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडले. पुढच्या काही दशकांत ठरावीक सर्व्हर, त्याची ठरावीक डिस्क आणि तिच्यावर नजर ठेवणारा डीबीए अशी घडी बसली. गूगलने २०१४ मध्ये कुबरनेटिस जाहीर केले आणि २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. कुबरनेटिस या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे मराठीतला कर्णधार. वापरणाऱ्याने हवी ती स्थिती लिहून द्यायची आणि प्रत्यक्ष स्थिती तिच्याशी जुळेपर्यंत व्यवस्थेने खटपट करत राहायचे, हे त्याचे तत्त्व. वेब सर्व्हरला ते चपखल बसते, कारण तिथे एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत चालतो. डेटाबेसमध्ये मात्र लिहिणे स्वीकारणारा एक प्रायमरी असतो आणि बाकीच्या त्याच्या रेप्लिका. कोणाच्या डिस्कवर कुठपर्यंतच्या नोंदी पोहोचल्या आहेत, यावर प्रत्येकाची लायकी ठरते.

ही गरज ओळखून २०१६ मध्ये १.३ आवृत्तीत ‘पेटसेट’ आला आणि त्याच वर्षी १.५ आवृत्तीत त्याचे नाव ‘स्टेटफुलसेट’ झाले. त्याने प्रत्येक पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या संचाला) क्रमांकासह कायमचे नाव, स्वतःची डिस्क आणि सुरू-बंद होण्याचा क्रम दिला. डिस्क नेटवर्कवरची असेल, तर पॉड दुसऱ्या नोडवर, म्हणजे यंत्रावर, गेला तरी ती त्याच्यामागे जाते. नोडमध्येच बसवलेली डिस्क वेगवान असते, पण नोड गेला की तीही हातची जाते आणि रेप्लिका पहिल्यापासून भरून घ्यावी लागते.

नोडशी संपर्क तुटला की साधा पॉड सुमारे पाच मिनिटांनी दुसरीकडे उभा केला जातो. स्टेटफुलसेटचा पॉड मात्र नोड परत येईपर्यंत किंवा कोणी जबरदस्तीने काढेपर्यंत तसाच अडकून राहतो. हे जाणूनबुजून केलेले आहे. संपर्क तुटलेले यंत्र बंदच पडले असेल असे नाही. तिथला डेटाबेस अजून लिहीत असू शकतो. एकाच नावाचे दोन डेटाबेस एकाच वेळी लिहू लागले, तर खरी नोंद कोणती हे ठरवता येत नाही.

प्रायमरी कोण, कोणती रेप्लिका मागे पडली, बढती कोणाला द्यावी, हे स्टेटफुलसेटला कळत नाही. त्यासाठी कोअरओएसने २०१६ मध्ये ‘ऑपरेटर’ची कल्पना मांडली: अनुभवी डीबीएची जाण प्रोग्रॅममध्ये उतरवायची आणि तो प्रोग्रॅम क्लस्टरमध्येच अखंड चालू ठेवायचा. पोस्टग्रेससाठी झालांडो कंपनीचा ऑपरेटर पॅट्रोनी या बढती सांभाळणाऱ्या साधनाच्या आधारे हे काम करतो. २०२२ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुला झालेला क्लाउडनेटिव्हपीजी हा ऑपरेटर स्टेटफुलसेट बाजूला ठेवून पॉड आणि डिस्क स्वतः सांभाळतो. लिहिण्यासाठी आणि केवळ वाचण्यासाठी तो वेगवेगळे पत्ते देतो, त्यामुळे प्रायमरी बदलला तरी ॲप्लिकेशनला पत्ता बदलावा लागत नाही.

बढतीचा निर्णय बहुमताने घेतात: तिघांपैकी दोघांचे, पाचांपैकी तिघांचे. पण बहुमत नोंदी वाचवतेच असे नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. ही यंत्रणा कुबरनेटिसवरची नव्हती, पण धडा तोच आहे. स्वयंचलित व्यवस्थेने बहुमताने पश्चिम किनाऱ्यावरील मायएसक्यूएलला प्रायमरी केले. पूर्वेकडच्या शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी तिथे पोहोचल्याच नव्हत्या. दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेल्या नोंदी तयार झाल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. गिटहबने वेगापेक्षा नोंदींचा खरेपणा वरचा मानला, आणि तेच योग्य होते.

यावर उपाय सिंक्रोनस रेप्लिकेशनचा. पोस्टग्रेसमध्ये तो २०११ मधील ९.१ आवृत्तीपासून आहे. रेप्लिकेकडून पोच आल्याशिवाय कमिट पूर्ण होत नाही. त्यात प्रत्येक कमिटला थोडा उशीर होतो, आणि अशी रेप्लिका एकच असेल तर ती बंद पडताच लिहिणे थांबते. म्हणून दोन रेप्लिका ठेवून कोणत्याही एकीची पोच पुरेशी मानतात.

रोजच्या व्यवहारात तपशीलच महत्त्वाचे ठरतात. प्रायमरी आणि रेप्लिका एकाच नोडवर आल्या, तर तीन प्रतींचा उपयोग एका प्रतीइतकाच. पॉड थांबवताना कुबरनेटिस सिगटर्म हा थांबण्याचा संकेत पाठवते आणि एरवी ३० सेकंद थांबून त्याला ठार करते. सिगटर्म मिळालेला पोस्टग्रेस मात्र चालू जोडण्या संपण्याची वाट पाहत बसतो, आणि मग त्याला ३० सेकंद कमी पडतात. ठार झाल्यावर पुन्हा सुरू होताना लॉग वाचून सावरण्यात वेळ जातो. थांबवण्याची पद्धत आणि मुदत आधीच ठरवली, तर हा प्रसंग टळतो.

रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून चालवलेली डिलीटची आज्ञा क्षणात सर्व रेप्लिकांवर पोहोचते. म्हणून मूळ प्रत आणि तिच्यानंतरचे लॉग क्लस्टरबाहेर साठवावे लागतात; त्यांतून चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंत परत जाता येते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये प्रायमरीवरचा डेटा चुकून पुसला गेला. बॅकअपच्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळल्याने नेहमीचे बॅकअप होतच नव्हते, आणि हे तेव्हाच उघड झाले. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता, म्हणून त्याआधीचे वाचले.

ऑपरेटर बढती देतो, बॅकअप घेतो, आवृत्ती बदलतो. पण किती मिनिटांच्या नोंदी गमावणे परवडेल, हे त्याला ठरवता येत नाही. ते माणसाने ठरवायचे, लिहून ठेवायचे आणि करून पाहायचे. व्यवसायापुढे ठेवण्याजोगे आवाहन एकच: प्रत्येक चमूने दर महिन्याला एकदा बॅकअपमधून नवा क्लस्टर उभा करावा, लागलेला वेळ मोजावा आणि नोंदी ताडून पाहाव्यात. ज्या बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करून पाहिलेला नाही, त्याला बॅकअप म्हणू नये.